सातवा रकाना

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पाटल्या मागितल्या. त्या वर्षातून दोनदाच कपाटाबाहेर येतात, गौरींना आणि तुळशीच्या लग्नाला. मी लोखंडी कपाटाचा आतला कप्पा उघडला, लाल मखमलीची डबी हातात घेतली आणि ती हलकी लागली तेव्हाच पोटात गोळा आला. आत नथ होती, जुन्या मंगळसूत्राच्या वाट्या होत्या. पाटल्या नव्हत्या.

चार तोळ्यांचा जोड. १९६१ साली सासूबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी इंदूरच्या सराफ्यातून घडवून घेतलेला. २०२५च्या भावानं पाच लाखांच्या घरात गेला असता. सासूबाई तो आकडा बोलल्याच नाहीत. "बाबांनी शेत विकून केल्या होत्या गं," एवढंच म्हणाल्या आणि देवघरासमोर जाऊन बसल्या.

दिवाळीआधी आम्ही घर रंगवून घेतलं होतं. ठेकेदाराची चार मुलं सहा दिवस घरात होती. हॉलला पिस्ता रंग दिला, तो मीच निवडला होता. सगळ्यांच्या डोक्यात एकदम तेच आलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. आम्ही पाटल्या शेवटच्या पाहिल्या त्या गौरींना. मधे दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत घरात कोण कोण येऊन गेलं याची यादी मी केली, पण फार उशिरा केली. गॅसवाला, पाहुणे, फराळाला आलेल्या बायका, फ्रिज दुरुस्त करणारा, आमचे नातेवाईक. सतरा नावं झाली. मला आजही वाटतं, ती यादी आधी केली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दुपारी मी आणि भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, पोलीस ठाण्यात गेलो. कोणतं ठाणं ते लिहीत नाही. आम्ही इंदूर शहरातल्या एका जुन्या मराठी वसाहतीत राहतो, तिथलं ठाणं, एवढं पुरे.

पहिले दोन तास आमची तक्रार कुणी लिहूनच घेतली नाही. "आवेदन दे जाइए, जाँच करवा लेंगे," मुंशीजी, म्हणजे ठाण्याचे लेखनिक, मान वर न करता म्हणाले. चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे, आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितलेलं आहे. मी शाळेत सामाजिक विज्ञान शिकवते, हे मला माहीत होतं. पण त्या बाकावर बसल्यावर तोंडातून शब्द फुटेना. समोर मुंशीजींच्या मागे लोखंडी मांडणीवर जाडजूड रजिस्टरं होती, त्यातल्या एकाच्या कण्यावर 'निगरानी', म्हणजे पाळत, असं पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं. मी ते उगाच पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

मग मुंशीजींनी विचारलं, "शक किस पर है?"

भावजींनी ठेकेदाराला फोन लावून चौघांची नावं घेतली. मुंशीजी एकेक लिहून घेत होते. तिसऱ्या नावाशी त्यांचं पेन थांबलं. त्यांनी फोन आपल्या हातात घेतला, हा मुलगा राहतो कुठे ते विचारलं, आणि वस्तीचं नाव ऐकताच खुर्चीत सरळ होऊन बसले.

"पारधी है," ते आतल्या खोलीकडे बघून मोठ्यानं म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मैडम, पहले बताना था ना."

मला कुठे माहीत होतं? सहा दिवस तो मुलगा आमच्याकडे चहा पीत होता. चौघांत सगळ्यात लहान, एकोणीस-वीसचा. जमिनीवर अंथरलेली वर्तमानपत्रं संध्याकाळी घडी घालून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरायला. अंगणातलं वृंदावन हलवताना माती सांडली तर त्यानं ती हातानं गोळा करून परत कुंडीत घातली होती. त्याची जात विचारायचं मला कारण पडलं नव्हतं. पण ती कळल्यावर भावजींनी एक सुस्कारा सोडला, कोडं सुटल्यासारखा. आणि मी गप्प राहिले.

त्यानंतर चाळीस मिनिटांत कायमी झाली. इथे एफआयआर नोंदवण्याला ठाण्यात 'कायमी' म्हणतात. दोन तास जे होत नव्हतं ते एका नावानं झालं. याचं गणित पुढे मला समजलं. अज्ञात चोराचा गुन्हा ठाण्याच्या डोक्यावर बसतो, दर महिन्याच्या बैठकीत त्याबद्दल वरून विचारणा होते. नाव असलं की गुन्हा सुटल्यात जमा. आणि ते नाव पारध्याचं असलं तर कुणी प्रश्न विचारायला येत नाही.

एफआयआरचा छापील नमुना देशभर एकच आहे. त्यातला सातवा रकाना 'ज्ञात, संदेही किंवा अज्ञात आरोपी'चा. तिथे त्या मुलाचं नाव, बापाचं नाव, वस्ती, सगळं टाइप झालं. मजकूर मला वाचून दाखवला. 'फरियादिया को संदेह है कि' असं वाक्य होतं. फरियादिया म्हणजे मी. मी सही केली. निघताना एक शिपाई भावजींना बाजूला घेऊन म्हणाला, गाडी पाठवायची तर डिझेल लागेल. भावजींनी पाच हजार दिले. मी ते पाहिलं आणि पर्स बंद करून रिक्षाकडे चालू लागले.

तिसऱ्या दिवशी पहाटे फाटकाबाहेर एक बाई बसलेली दिसली. दूधवाला येऊन गेला तरी ती तशीच बसलेली. मी बाहेर गेले तेव्हा ती उठून उभी राहिली, पण फाटकाच्या आत एक पाऊलही टाकायला तयार होईना. मुलाची आई होती. आमच्या तक्रारीच्याच रात्री अकरा वाजता चार जण साध्या कपड्यांत झोपडीवर आले होते. पिठाचा डबा उपडा केला, गोधड्या उसवल्या, मुलाला घेऊन गेले. झडती आणि जप्ती घेताना चित्रीकरण करणं आता कायद्यानं सक्तीचं आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५. तिथे कुणी मोबाईलसुद्धा काढला नव्हता.

बाईच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती. तिनं ती माझ्यापुढे धरली. आत सगळं लॅमिनेशन केलेलं: आधार, मतदार ओळखपत्र, राशनकार्डाची प्रत आणि मुलाची दहावीची गुणपत्रिका. द्वितीय श्रेणी. सामाजिक विज्ञानात चौसष्ट. "पढ़ा-लिखा है मैडम जी," ती म्हणाली. माझ्या स्वतःच्या वर्गात चौसष्ट मिळवणाऱ्या मुलांचे चेहरे डोळ्यांपुढे आले.

ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर एका माणसानं तिच्याकडे पन्नास हजार मागितले होते. चांदीचे कडे गहाण टाकून तिनं वीस दिले. मुलगा अजून दिसला नव्हता. "गुना वाले लड़के को भी ऐसे ही ले गए थे," ती म्हणाली, आणि पुढे बोललीच नाही. मला माहीत होतं ती काय म्हणतेय. जुलै २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या गुना इथे एका पारधी तरुणाला चोरीच्या संशयावरून त्याच्या लग्नाच्याच दिवशी पोलिसांनी उचललं आणि तो कोठडीत मेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो तपास मध्य प्रदेश पोलिसांकडून काढून सीबीआयला दिला. मी ती बातमी वाचली होती, हळहळले होते, आणि पान उलटलं होतं.

मी शाळेत रजा सांगितली आणि एकटीच ठाण्यात गेले.

"हमारे पास तो कोई नहीं है," मुंशीजी म्हणाले. रोजनामचा उघडून दाखवला. खरंच काही नोंद नव्हती. मी परत फिरले आणि व्हरांड्यात थांबले. मागच्या खोलीच्या दाराशी चार-पाच जोड पादत्राणं होती, त्यात निळ्या रबरी चपलांचा एक जोड. उजव्या चपलेच्या पट्ट्यावर आणि टाचेवर रंगाचे थेंब सुकलेले होते. पिस्ता रंग. माझ्या हॉलचा.

मी खाली बसून पाहिलं. तो रंग आम्ही दुकानात तीन वेळा बदलून घेतला होता, पहिला फार हिरवा होता म्हणून. तो मला कुठेही ओळखू आला असता. दार बंद होतं. आतून कसलाच आवाज नव्हता. मी मोबाईल काढून चपलांचा फोटो घेतला, तेवढ्यात कुणीतरी हटकलं आणि मी चालू पडले. पाय लटपटत होते, पण आता मला नक्की माहीत होतं की तो आत आहे.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीची मावशी जिल्हा न्यायालयात वकिली करते. अकरा वाजता मी तिच्या टेबलाशी पोहोचले. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "चोरानं नथ का ठेवली?" मी गप्प. "ठाण्यात कुणी विचारलं?" कुणीच नाही.

मग तिनं कामाला सुरुवात केली. अटक दाखवली नाही म्हणजे जामीन मागता येत नाही. अशा वेळी त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०० आहे: एखाद्याला बेकायदा डांबून ठेवलंय असं दंडाधिकाऱ्याला वाटलं तर तो झडतीचं वॉरंट काढू शकतो. जुन्या कायद्यात हेच कलम ९७ होतं. अर्जदार मुलाची आई, सोबत माझं शपथपत्र, फोटोसकट. जोडीला तिनं पोलीस आयुक्तांना ईमेल केला आणि ठाण्यातल्या त्या दोन रात्रींचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं असा वेगळा अर्ज दिला. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रण निदान वर्षभर ठेवायला सांगितलंय. लगेच मागितलं नाही तर ते सापडत नाही, असं तिचं म्हणणं. (नंतर लेखी उत्तर आलं, त्या दोन दिवशी कॅमेरे तांत्रिक कारणानं बंद होते.)

शपथपत्रावर सही करताना तिनं मला थांबवलं. "तुम्ही फिर्यादी आहात. उद्या तुमच्यावरच खोटी तक्रार दिल्याचं म्हणतील. विचार करा." मी सांगितलं, विचार मी सही करायच्या आधी करायला हवा होता, त्या दिवशी. आता लवकर करा.

अर्ज दाखल झाल्याची खबर ठाण्यात कशी पोहोचली कोण जाणे, पण सुनावणीच्या आत, संध्याकाळी पाच वाजता, त्या मुलाची अटक कागदावर आली. चोरीत नाही. कलम १७०, जुनं १५१, म्हणजे शांतता भंग करेल म्हणून प्रतिबंधक अटक. 'वस्तीत आरडाओरडा करत होता.' दोन रात्री आणि दोन दिवस जणू झालेच नव्हते. अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठिताची सही हवी, हा १९९६च्या डी. के. बसू निकालापासूनचा नियम आहे आणि आता कायद्यातच आहे. त्या कागदावर टपरीवाल्याची सही होती.

वकीलबाईंनी त्या रात्री मला आणखी एक निकाल वाचायला दिला. ३ ऑक्टोबर २०२४चा, सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार. तुरुंगातल्या जातिभेदाचं प्रकरण, पण त्यात विमुक्त जमातींवर मोठा भाग आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, परवाना, गाव सोडायला बंदी. ३१ ऑगस्ट १९५२ला त्यातून त्यांना मुक्त केलं, म्हणून 'विमुक्त'. न्यायालयानं पोलिसांना बजावलंय की या लोकांना मनमानी अटक होता कामा नये. मी दरवर्षी मुलांना राज्यघटनेचं कलम २२ शिकवते, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करण्याचं. फळ्यावर लिहिते, खाली दोन रेघा मारते. ते वाचताना मला माझ्याच हस्ताक्षरातला तो फळा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला सहायक पोलीस आयुक्तांसमोर उभं केलं. डिसेंबर २०२१ मध्ये इंदूर आणि भोपाळला पोलीस आयुक्तालय आलं, तेव्हापासून अशा प्रतिबंधक प्रकरणांत दंडाधिकाऱ्याचे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडे गेले. आधी हे काम एसडीएम म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी, तहसीलदार करायचे. आता पकडणारा आणि ज्याच्यापुढे उभं राहायचं तो, दोघांची वर्दी एकच.

पंचवीस हजारांचं बंधपत्र आणि तेवढ्याचा एक जामीनदार हवा होता. नाही तर जेल. वस्तीत कुणाकडे पंचवीस हजारांची मालमत्ता दाखवणारा कागद नव्हता. मी माझ्या मुदत ठेवीची पावती घेऊन गेले होते. घरी आदल्या रात्री यावरून मोठा वाद झाला होता. "ज्याच्यावर तक्रार केली त्याचाच जामीन? लोक काय म्हणतील?" हे भावजी. आमचे हे शांत बसून होते. शेवटी म्हणाले, "पावती तिच्या नावाची आहे." तेवढंच म्हणाले, पण मला तेवढं पुरलं.

साहेबांनी कागद पाहिला, मग मला.

"फरियादी आप ही हैं?"

"जी."

"और जमानत भी आप ही दे रही हैं?"

"जी."

"घर में पूछ लिया है?"

"मेरी नौकरी है साहब, मेरी पावती है," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला होता, वर्गात होतो तसा. बाबूनं शिक्का मारला.

मुलगा बाहेर आला तो पायाच्या कडेवर चालत. टाच टेकतच नव्हता. आईनं चपला पुढे केल्या, त्यानं हातात घेतल्या. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मैडम, पुट्टी के टाइम अलमारी को हमने हाथ नहीं लगाया था. आपने ही कपड़ा ढँका था." आणि ते खरं होतं. कपाटावर जुनी साडी मी स्वतः टाकली होती आणि चारी टोकं मीच बांधली होती. हे मला त्या क्षणापर्यंत आठवलंच नव्हतं.

सरकारी रुग्णालयात तपासणी झाली, डॉक्टरांनी तळपायांच्या सुजेची नोंद केली. मला वाटत होतं, आता लढायचं. मानवाधिकार आयोग, न्यायालय, सगळीकडे जायचं. मुलाची आई नाही म्हणाली. तिचे आणखी दोन मुलगे आहेत आणि वस्ती त्याच ठाण्याच्या हद्दीत आहे. मी तिला समजावत राहिले, तेव्हा वकीलबाईंनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. "राहायचं तिला आहे तिथे," त्या म्हणाल्या. मला ते पटायला बरेच दिवस लागले. आजही पूर्ण पटलंय असं नाही. पण तो निर्णय माझा नव्हता.

तीन आठवड्यांनी ठाण्यातून फोन आला. माल मिळाला, ओळखायला या. आमच्या घरात जणू दिवाळी परत आली. सासूबाईंनी स्वतः यायचं ठरवलं. त्र्याऐंशी वर्षांच्या, गुडघे गेलेले, पण आल्या.

टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर दोन पाटल्या. घाट तोच, रुंदीही साधारण तीच. नियमानं अशी ओळख पटवायची तर तशाच चार-पाच वस्तूंत मिसळून, आणि पोलिसांव्यतिरिक्त कुणासमोर पटवायची असते. इथे दोनच पाटल्या होत्या आणि टाइप केलेला कागद आधीच तयार होता. फक्त सहीची जागा रिकामी. सही केली असती तर सुपुर्दनाम्यावर सोनं आमच्या हातात आलं असतं आणि ते त्या मुलाकडून जप्त झालं असं कागदावर आलं असतं.

सासूबाईंनी एक पाटली उचलली आणि हातात घालून पाहिली. ती सरळ मनगटापर्यंत गेली. त्या थांबल्या. त्यांच्या पाटल्या साबण लावल्याशिवाय अंगठ्याच्या सांध्यावरून कधीच जात नसत, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. साठ वर्षं तो साबणाचा विधी दर तुळशीच्या लग्नाला चालू आहे. मी दुसरी पाटली खिडकीपाशी नेली आणि आतल्या बाजूनं पाहिली. बारीक अक्षरांत कोरलेला सहा अक्षरी क्रमांक, हॉलमार्कचा. हा क्रमांक दागिन्यांवर यायला लागला तो २०२१च्या जुलैपासून. आमच्या पाटल्या १९६१च्या.

"माताजी, सोना तो सोना है. ले जाइए," ठाण्यातले साहेब म्हणाले. आवाज मऊ होता. मला तो आवाज चिडलेल्या आवाजापेक्षा जास्त लागला.

सासूबाईंनी पाटली काढून वर्तमानपत्रावर ठेवली. "ये मेरी नहीं है. किसी और की है," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून मराठीत, "चल गं. दुसऱ्या बाईच्या हातातलं मी घालायची नाही."

ते सोनं कुणाचं होतं, कुठून आणलं होतं, मला कळलं नाही. मी सही न करता उठले. रिक्षात सासूबाई बोलल्या नाहीत. घरी आल्यावर म्हणाल्या, "तो मुलगा चोर नाही असं मी म्हणत नाही हं." मग थोड्या वेळानं, "पण हेही बरोबर नाही." पारध्यांबद्दल लहानपणापासून जे ऐकत आल्या ते त्यांच्या मनातून एका दुपारीत गेलं नाही.

पुढचे चार महिने कागदांचे. मी पूरक कथन द्यायला गेले की संशयाला माझ्याकडे काहीही आधार नव्हता, कपाट मी स्वतः झाकून बांधलं होतं. ते घ्यायला कुणी तयार नव्हतं. "बयान बदलेंगी तो झूठी रिपोर्ट का केस बनेगा." मी रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं. १८१वर मुख्यमंत्री हेल्पलाइनला तक्रार केली. मग फोनच फोन. रोज कुणीतरी विनवायचं, मैडम, 'संतुष्ट हूँ' बोल दीजिए, शिकायत बंद करनी है. एकदा शाळेच्या तासाला फोन आला, एकदा रात्री साडेदहाला. मी दर वेळी तेच सांगितलं, कथन घ्या, मग बंद करते. एका मंगळवारी जनसुनवाईत टोकन घेऊन तीन तास उभी राहिले. त्यानंतर आठवड्यानं कथन लिहून घेतलं गेलं. या वेळी मी प्रत्येक ओळ स्वतः वाचली, दोन ठिकाणी शब्द बदलायला लावले आणि प्रत्येक पानावर सही केली.

शेवटी खात्मा लागला. इथे पोलीस तपास बंद करून न्यायालयाला देतात त्या अहवालाला खात्मा म्हणतात. ठरलेलं वाक्य: 'माल मुल्जिम का पता नहीं चला.' पाटल्या गेल्या त्या गेल्याच. न्यायालयातून मला नोटीस आली, काही आक्षेप आहे का. मी वकीलबाईंमार्फत लेखी दिलं की तपास बंद करायला हरकत नाही, पण सातव्या रकान्यातल्या माणसाविरुद्ध काहीही आढळलं नाही हे आदेशात स्पष्ट यावं. ते आलं. एक ओळ आली. ती ओळ मिळवायला साडेपाच महिने लागले.

एफआयआरमध्ये मात्र त्याचं नाव आहे तसंच आहे, ते खोडता येत नाही. कण्यावर पांढऱ्या अक्षरांचं ते रजिस्टर, त्यात त्याचं नाव चढलंय का, हे विचारायला मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. गोपनीय म्हणून उत्तर आलं. पहिलं अपील केलंय.

मुलगा आता दुसऱ्या ठेकेदाराकडे काम करतो, महूच्या बाजूला, शहराबाहेर. मी त्याला आदेशाची प्रत द्यायला बोलावलं तेव्हा तो आईसारखाच फाटकाबाहेर उभा राहिला. मी आत ये म्हटलं. वृंदावनापर्यंत आला. मी प्रत हातात दिली. त्यानं आदेश सावकाश वाचला, ती ओळ पुन्हा वाचली, मग कागद उलटून मागची बाजू पाहिली.

"मैडम, ये ब्लैक एंड व्हाइट है," तो म्हणाला. "रंगीन हो जाएगी क्या? मोहर नीली दिखनी चाहिए, नहीं तो रास्ते में मानते नहीं."

कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आम्ही दोन रंगीत प्रती काढल्या. एक त्यानं लॅमिनेट करून घेतली, आणि गुणपत्रिकेच्या मागे, त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली.